गुंडाळायचं कसं ते मला शिकवू नका

९ जानेवारी, गुरुवार

बँकेने फुकट दिलेली डायरी. फुकट कसली, माझ्याच ठेवीच्या व्याजातून छापली असणार. तरी वापरायची. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, मनात येईल ते लिहून काढत जा, सगळं आईला ऐकवत बसू नका. म्हणजे आईने तिच्याकडे माझी चहाडी केलेली आहे. लक्षात ठेवलं.

आजही ही गेली. थंडी सुरू झाल्यापासून दर गुरुवारी चारच्या सुमारास जाते आणि दिवे लागल्यावर येते. कुठे, तर सुशी खायला! वय सत्तर. गार भात आणि कच्चा मासा. लग्न झाल्यापासून मला म्हणते, जेवण गरम आहे तोवर या, आणि स्वतः जाऊन गार भात खाते, तेही लाकडाच्या काड्यांनी.

हे सगळं लांबडीचं काम. लांबडी म्हणजे हिची मैत्रीण. पूर्वी हॉस्पिटलात नर्स होती. उंची शिडीएवढी आणि जीभ त्याहून लांब. तिनेच हिला पहिल्यांदा तिथे नेलं.

ही गेल्यावर मी घरात एकटा. चहा स्वतः करून घेतला. गॅस बंद केला की नाही ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, हिने नीट बंद केला नव्हता. आल्या आल्या सांगितलं. काही बोलली नाही. हल्ली बोलत नाही.

संकल्प: गुरुवार बंद पाडायचा. आरडाओरडा न करता. युक्तीने.

१० जानेवारी

सकाळी शांतपणे विचारलं, तिथे एवढं काय आहे? म्हणाली, बरं वाटतं. मी म्हणालो, बरं म्हणजे नेमकं काय? चव बरी, जागा बरी, की संगत बरी? म्हणाली, सगळंच. मी म्हणालो, सगळंच हे काही उत्तर नाही, एक काहीतरी सांग. ती उठून गॅलरीत गेली. मी गॅलरीत गेलो. ती आत आली. मी आत आलो. मग ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी घातली.

बाहेरून सांगितलं की गिझर चालू ठेवू नकोस. गिझर बंदच आहे, असं आतून उत्तर आलं. म्हणजे आवाज ठीक आहे. तब्येतीची काळजी नको.

१३ जानेवारी

डॉक्टरकडे गेलो. नाव ब्लडप्रेशरचं, काम वेगळं. विचारलं की कच्च्या माशातून पोटात जंत होतात ना? डॉक्टर म्हणाला, तुम्ही खाता? मी म्हणालो, छे, बायको खाते. तिला त्रास होतोय? मी म्हणालो, नाही. मग म्हणाला, आजोबा, त्रास नक्की कोणाला होतोय?

एवढी फी घेऊन उलट मलाच प्रश्न. शिवाय माझी एक गोळी वाढवली. हात दाखवून अवलक्षण.

१५ जानेवारी, बुधवार

शत्रूच्या गोटात जाऊन आलो. गुरुवार टाळून, म्हणजे हिच्याशी गाठ पडायला नको.

चिंचोळी जागा. एका बाजूला टायरचं दुकान, दुसरीकडे झेरॉक्सवाला. आत लाकडी काउंटर, त्यामागे डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस. कोपऱ्यात खिडकीशी एक छोटं टेबल. एवढंच. यासाठी माणसं रांग लावतात म्हणे. नाव मोठं, लक्षण खोटं.

मेनूतल्या फोटोवर बोट ठेवलं. फडकेवाल्याने भाताचा रोल करून, कापून समोर ठेवला. पाहतो तर भात बाहेर आणि गुंडाळायचा काळा कागद आत! मी सांगितलं, बाबा रे, हा उलटा गुंडाळलाय. मी सगळी हयात गालिच्यांच्या दुकानात काढली. गुंडाळण्यात मला कोणी शिकवायचं नाही. गालिच्याची लव आत, पाठ बाहेर. नाहीतर धूळ खातो, किंमत पडते. तो म्हणाला, हा असाच असतो. मी म्हणालो, असाच असतो म्हणजे काय? तो म्हणाला, मग उलटा करून खा.

गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत! आमच्या शेठने असल्या नोकराला त्याच गालिच्यात गुंडाळून बाहेर ठेवला असता.

पण खरी कमाई पुढे. मी कच्चा मासा खाल्ला. प्लेटच्या कोपऱ्यात गुलाबी, पातळ कापांचा छोटा ढीग होता. डोळे मिटले आणि सगळा एकदम तोंडात टाकला. काही झालं नाही. आल्यासारखा लागतो, जरा गोडसर, जरा तिखट. एवढं त्याचं कौतुक! रोलवर नारिंगी रंगाचं काहीतरी मऊ, बुळबुळीत ठेवलं होतं, भोपळा असावा, ते काढून बाजूला सारलं. माझं भोपळ्याशी जमत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं, तुझ्या कच्च्या माशात काही दम नाही, मीही खाल्लाय, निव्वळ आल्यासारखा लागतो. ही माझ्याकडे पाहत राहिली आणि हसायला लागली. पदार्थाची चव सांगितली तर हसण्यासारखं काय? नंतर आतल्या खोलीत फोनवर मुलीशी बोलत होती, तिकडून मुलगीही हसत होती. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं ऐकलं. चांगलं वाटलं, पण कारण कळलं नाही, म्हणून पुन्हा वाईट वाटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

गेली. जाताना म्हणाली, तुमच्यासाठी आणू का थोडा मासा, आल्यासारखा लागणारा? टोमणा आहे हे कळलं. कसला ते कळलं नाही.

खिडकीतून ती वळेपर्यंत पाहिलं. भराभर चालते. घरात गुडघे दुखतात म्हणणारी बाई.

बसून विचार केला. जी गोष्ट घरी मिळते तिच्यासाठी कोणी बाहेर जात नाही. घरात विहीर असली की नदीवर कोण जाईल? साधं गणित आहे. सातवीत शाळा सोडलेल्या माणसालाही कळतं, आणि मी तर सातवीत गणितात वर होतो. तेव्हा सुशी मीच घरी करणार. भात शिजवायचा, कागद पसरायचा आणि गुंडाळायचं. गुंडाळणं म्हणजे माझ्या हाताचा मळ.

१८ जानेवारी

खरेदी. काळे कागद मिळाले. ते समुद्रातल्या शेवाळाचे असतात असं दुकानातली बाई म्हणाली. मी म्हणालो, असतील, आपल्याला काय. ती म्हणाली, काका, गुंडाळायला बांबूची चटई पण लागेल. मी म्हणालो, बाई, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी गुंडाळतोय. तिने तोंड वाकडं केलं. करू दे.

तरी चटई लागते हे खरं. पण विकत कशाला? पुढच्या खोलीच्या खिडकीला बांबूचा पडदा आहेच. खालून वीतभर कापून घेतला. खाली कोण बघतं?

कागदांचं पाकीट जुन्या ट्रंकेत ठेवलं, हिला दिसू नये म्हणून. कसर लागू नये म्हणून चार डांबरगोळ्या टाकल्या. ठेवणीतल्या मालाला गोळी हवीच, हा दुकानातला पहिला धडा.

२० जानेवारी

खाली हिने बघितलं. ओरडली, हा पडदा कोणी कापला? मी म्हणालो, उंदीर असेल. म्हणाली, उंदराकडे कात्री होती का? मी म्हणालो, सरळ रेषेत कुरतडणारे उंदीरही असतात, आमच्या गोदामात होते. तिने ती कापलेली पट्टी माझ्याच उशीखालून काढली आणि समोर धरली. म्हणाली, हा उंदीर आपल्या उशीखाली घर करतो वाटतं.

काय बोलणार? सुशीचं सरप्राइज फोडायचं नव्हतं. गप्प बसलो. मी गप्प बसलो हे पाहून ती अजून चिडली. बोललो तरी पंचाईत, नाही बोललो तरी पंचाईत.

दुपारी पडद्याखालून ऊन थेट तिच्या डोळ्यांवर येतं. पाठ फिरवून झोपते. माझ्याकडे पाठ, असंही म्हणता येईल. उन्हामुळेच.

२२ जानेवारी, बुधवार

ही बाजारात गेली तेवढ्यात भात लावला. उरकून घेतलं. कागद पसरला, त्यावर भात चांगला जाड थापला, कंजूषपणा माझ्या स्वभावात नाही. मध्ये काकडी आणि दुकानातून आणलेला डबाबंद मासा. चटईने गुंडाळला आणि गुडघ्याने दाबला. गालिचा गुडघ्याशिवाय घट्ट बसत नाही. मग दोन्ही टोकांना आणि मध्ये सुतळी बांधली. देखणा दिसत होता. शेठ असते तर पाठ थोपटली असती.

आता फ्रिजमध्ये रात्रभर. ताजी गुंडाळी कधी उघडू नये, तिला मुरू द्यावं.

उद्या गुरुवार. उद्याचा गुरुवार शेवटचा. खरं तर उद्यापासून गुरुवार नाहीच.

२३ जानेवारी, गुरुवार

फ्रिज जुना झालाय. दोष त्याचा आहे.

ही निघायच्या आधी प्लेट समोर ठेवली. म्हणालो, आता कुठे जायची गरज नाही. ती खरोखर बसली. सुतळी पाहिली. विचारलं, ही पण खायची? मी म्हणालो, ती काढायची. सुरीने रोल कापला जाईना, तेव्हा मी माझा जुना गालिचे कापायचा चाकू आणला. पुसून घेतला होता. भाताचे दाणे रात्रीत वाळूच्या खड्यांसारखे झाले होते. तिने एक तुकडा तोंडात घातला, चावला, थांबली, आणि कागदात थुंकला.

म्हणाली, यात डांबरगोळी आहे का?

मी म्हणालो, थेट नाही.

म्हणाली, मारायचंच होतं तर सरळ सांगायचं, मी गोळी पाण्याबरोबर घेतली असती. चूळ भरली, पर्स उचलली आणि नेहमीपेक्षा लवकर निघून गेली. म्हणजे मी गुरुवार बंद करायला गेलो आणि गुरुवार उलट लांबला.

भात वाईट होता. कागद वाईट होते. दुकानातल्या बाईने जाणूनबुजून जुना माल दिला, तोंड वाकडं केलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. माझ्या गुंडाळीत काही दोष नव्हता. अजून सुटलेली नाही.

२७ जानेवारी, सोमवार

दुपारी ही तयार होताना दिसली. मी म्हणालो, आज सोमवार आहे. म्हणाली, माहीत आहे. मी म्हणालो, तुझा गुरुवार असतो. म्हणाली, आता सोमवारही असतो.

कारण विचारलं. म्हणाली, घरात वास येतो. मी म्हणालो, वास कालच गेला, मी सगळ्या खोल्या हुंगून पाहिल्यात. म्हणाली, म्हणूनच.

म्हणूनच म्हणजे काय? दार लागलं होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसं हिच्याकडून उत्तर.

२९ जानेवारी

केमिस्टकडे लांबडी भेटली. आज सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. सगळ्यांसमोर विचारलं, माझ्या बायकोला कुठल्या नादी लावलंत? लांबडी वरून खाली बघत म्हणाली, कसला नाद? मी म्हणालो, सुशीचा. आधी गुरुवार होता, आता सोमवारही. लाज वाटत नाही म्हाताऱ्या बायकांना?

ती म्हणाली, अहो भावोजी, मी तर डिसेंबरपासून तिकडे गेलेच नाही. गुडघा धरलाय माझा. ती एकटीच जाते.

मी म्हणालो, मला भावोजी म्हणू नका.

ती म्हणाली, बरं, साहेब म्हणते. साहेब, तिला जरा एकटं बसू द्या. तुम्ही दिवसभर तिच्या मागे मागे फिरता म्हणे.

मी म्हणालो, मागे फिरत नाही, लक्ष ठेवतो. केमिस्ट हसला. त्याच्याकडून आता गोळ्या घ्यायच्या नाहीत. दुसरा दूर आहे, पण इज्जत आहे की नाही?

घरी येईपर्यंत डोकं सुन्न. एकटी जाते! म्हणजे संगत हे कारण नाही. राहिली चव. ज्या चवीसाठी माणूस आठवड्यातून दोनदा एकटा जाऊन बसतो, ती साधी चव नसते. त्यात काहीतरी घालतात. तंबाखूसारखं. एकदा लागलं की सुटत नाही.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आईला काय हवंय ते तिलाच विचारा ना. मी म्हणालो, विचारलं की बाथरूममध्ये जाते.

३१ जानेवारी

फडकेवाल्याला गाठलं. गिऱ्हाईक नव्हतं. सरळ विचारलं, भातात काय घालतोस? म्हणाला, व्हिनेगर, साखर, मीठ. मी म्हणालो, आणि? म्हणाला, आणि काही नाही. मी म्हणालो, खरं सांग, माझी बायको इथे येते, खिडकीशी बसते, ती तुझ्या माशाच्या आहारी गेलीय.

तो म्हणाला, त्या कोपऱ्यातल्या आजी? त्या मासा खातच नाहीत. एक काकडीचा रोल आणि दोन कप चहा. दर वेळी तेच.

काकडी! त्या काकडीसाठी मी डॉक्टरच्या शिव्या खाल्ल्या!

विचारलं, मग एवढा वेळ करते काय? म्हणाला, खिडकीतून बघतात. मी म्हणालो, खिडकीतून काय दिसतं? म्हणाला, पार्किंग. मी म्हणालो, पार्किंगमध्ये काय आहे? म्हणाला, गाड्या.

मी स्वतः जाऊन बसून पाहिलं. गाड्याच आहेत.

मग त्याला सुनावलं की तुझा गुलाबी मासाही काही खास नव्हता, नुसता आल्यासारखा लागला. तो म्हणाला, आजोबा, ते आलंच होतं. मासा नारिंगी होता, तो तुम्ही बाजूला काढून टाकलात. मी काउंटरवरून पाहत होतो.

धादांत खोटारडा. पण घरी येताना हिचं ते हसणं आठवलं आणि रस्त्यात उगाच घाम आला. हिला सांगणार नाही. तिला माहीत असेल तर तिनेही सांगू नये.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. लढाई काकडीशी आहे. काकडी माझ्या आवाक्यातली आहे.

४ फेब्रुवारी

काल ही तिथे होती म्हणून आज गेलो. फडकेवाल्यासमोर काउंटरला बसलो आणि त्याच्या हातांकडे बघत राहिलो. त्याने विचारलं, काय हवंय? मी म्हणालो, काही नाही, बघतोय. म्हणाला, हे सिनेमागृह नाही. चहा मागवला. कडू. बघत राहिलो. तो भात पसरत असताना सांगितलं की फार पातळ पसरतोस. त्याने सुरी खाली ठेवली.

७ फेब्रुवारी

आज फडकेवाला भडकला. म्हणाला, आजोबा, तुम्ही रोज येता, रोज चुका काढता, माझा हात चुकायला लागलाय. काय केलं म्हणजे तुम्ही यायचे बंद व्हाल? मी म्हणालो, काकडीचा रोल शिकव. म्हणाला, शिकवतो. शिकून घ्या एकदाचं आणि पुन्हा तोंड दाखवू नका.

मला आत घेतलं. टोपी घालायला लावली. भात गरम असतानाच व्हिनेगर घालून पुठ्ठ्याने वारा घालायचा. हात ओले ठेवायचे. भात इतका पातळ की खालचा काळा रंग मधून मधून दिसला पाहिजे. पलीकडची बोटभर पट्टी कोरी सोडायची. मी गुंडाळायला घेतलं तसा ओरडला, तुम्ही काय त्याचा गळा दाबताय? सोडा! जरा सैल सोडा! मी म्हणालो, सैल सोडलं तर सुटेल. म्हणाला, सैल सोडल्यानेच टिकतो, दाबलात की फुटतो.

मी दाबला. फुटला.

त्याने दुसरा कागद पुढे केला. उद्धट आहे, पण कागद मात्र दिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

ही गेल्याबरोबर सराव. भात त्याच्या पद्धतीने केला. माझ्या पद्धतीत चूक नव्हती, पण इथे भात आहे, लोकर नाही, एवढा फरक मान्य. पहिला रोल आपोआप उलगडला. दुसरा पोटाला बांधलेल्या बँडेजसारखा झाला. तिसरा झाला. कापला तर मधोमध हिरवी काकडी, भोवती पांढरा भात, बाहेर काळी कड. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभा राहिलो.

तिन्ही रोल खाऊन पुरावा नष्ट केला. पोट तट्ट.

या गडबडीत गॅस आणि नळ पाहायचे पूर्ण राहून गेले. भयंकर! ही आली तेव्हा मी काहीच सांगितलं नाही, सांगायला काही नव्हतं. तिने विचारलं, बरं आहे ना तुम्हाला? कपाळाला हात लावून पाहिला. किती दिवसांनी. मी म्हणालो, मला काय धाड भरलीय, आणि तू दाराची कडी अर्धीच लावलीस. तिने हात काढून घेतला.

१२ फेब्रुवारी

तयारी पूर्ण. ताजी काकडी. नवे कागद, डांबरगोळीविना. नवी चटई विकत आणली. त्याच बाईकडून. पुन्हा तोंड वाकडं केलं.

उद्या मी गुरुवार जिंकणार. मग सोमवार आपोआप पडेल. मुलीला फोनवर सांगून ठेवलं की आई आता घरीच असेल, गुरुवारी दुपारी फोन करत जा. ती म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का? सारखं विचारा, विचारा. काकडीच्या रोलला काय विचारायचं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार, ही समोर चूळ भरत असताना

यश! लिहायला हात थांबत नाही.

अडीच वाजता रोल केले. चहाही तिथल्यासारखा, कडू. टेबल खिडकीशी ओढलं, तिला खिडकीची सवय आहे. ती आली, उभी राहिली. सुतळी शोधत होती बहुतेक. मी म्हणालो, बस. बसली. एक तुकडा उचलला. चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. दुसरा उचलला. मग म्हणाली, हे तुम्ही केलंत?

मी म्हणालो, मग काय उंदराने?

हसली! खरोखर हसली. म्हणाली, छान झालंय हो. भात अगदी तिथल्यासारखा.

मी म्हणालो, तो पुठ्ठ्याने वारा घातल्यामुळे. आणि अर्धा तोडू नकोस, अख्खा एका घासात खायचा असतो. तिने अख्खा खाल्ला. सॉस जास्त घेतेस, ते सांगितलं. काडी फार खाली धरतेस, तेही सांगितलं. काकडीचा गर मी का काढून टाकला ते समजावलं. ऊन डोळ्यांवर येतंय तर खुर्ची सरकव म्हणालो, ती सरकवली, मग जास्त सरकवली म्हणून थोडी परत घ्यायला सांगितली. कप काठाशी ठेवू नकोस म्हणालो. तिने कप मध्ये ठेवला. नंतर ती फारसं बोलली नाही, पण खाल्लं पोटभर. चवीत गुंग झाली होती.

गुरुवार संपला. फडकेवाल्याला कळवायला हवं की त्याचं एक गिऱ्हाईक कमी झालं.

त्याच दिवशी, चारनंतर

ती गेली.

हात धुतले, स्वेटर चढवला, पर्स घेतली. मी म्हणालो, कुठे? म्हणाली, गुरुवार आहे. मी म्हणालो, पोट भरलं ना? म्हणाली, अगदी. मी म्हणालो, माझा वाईट झाला होता का? म्हणाली, नाही हो, खरंच छान झाला होता. मी म्हणालो, मग तिथे जाऊन काय खाणार?

म्हणाली, काही नाही. बसेन जरा.

मी म्हणालो, बसायला इथे खुर्ची आहे. खिडकीसुद्धा आहे. तिने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, चिडून तरी गेली असं म्हणता आलं असतं.

त्याच दिवशी, अंधार पडताना

तिच्या खुर्चीत बसून पाहिलं. आमच्या खिडकीतून पार्किंग दिसत नाही, समोरची भिंत दिसते. त्यामुळे असेल.

प्लेटमध्ये दोन तुकडे उरले होते. खाल्ले. चांगले झाले होते. भात सैल, काकडी करकरीत. कोणाला सांगावं म्हणून मान वर केली तर घरात कोणी नाही. एवढं शांत. मला वाटायचं या घरात सारखं कोणीतरी बोलत असतं.

फोन वाजला नाही. गुरुवारी कर असं सांगितलं होतं तरी.

स्वयंपाकघरातून आवाज येतोय. नळ. हात धुताना तिने पुन्हा नीट बंद केलेला नाही. मीही उठून बंद करू शकतो, पण मग तिला कळणार कसं? ठिबकू दे. आल्या आल्या सांगतो.